खिळे मागेच राहिले

गल्लीत त्यांना सगळे जुळारीकाका म्हणत आणि नव्याने राहायला आलेल्यांना हमखास वाटे, की हा माणूस लग्नं जुळवतो. एक बाई तर मुलीचा फोटो पर्समध्ये घालून दारात उभी राहिली होती. काकूंनी तिला आत घेतलं, चहा दिला, फोटोचं तोंडभरून कौतुक केलं आणि मग सांगितलं, "आमचे हे अक्षरं जुळवतात हो. माणसं जुळवणं त्यांच्याच्याने होत नाही. मी अनुभवाने सांगते."

जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ उभी करणारा माणूस. एका खिळ्यावर एक अक्षर, तेही उलटं. मिसरूड फुटायच्या आत काका छापखान्यात शिरले आणि उलटं वाचायला शिकले. इतके तरबेज झाले, की सरळ छापलेलं वाचताना त्यांचा वेग कमी व्हायचा. काकूंचं यावरही म्हणणं होतं. "यांना काहीही सांगा, आधी उलटंच दिसतं."

त्या छापखान्यात एक रीत होती. एखादं काम पुन्हा लागण्यासारखं असलं, तर छापून झाल्यावर खिळे मोडून खणात टाकायचे नाहीत. उभ्या मजकुराभोवती सुतळी गुंडाळायची, गाठ मारायची आणि अख्खी चौकट फळीवर ठेवून द्यायची. याला म्हणायचं 'बांधून ठेवणं'. पुढे कधीही सुतळी सोडा, मजकूर जागच्या जागी. एक वेलांटी इकडची तिकडे नाही. काकांनी बांधलेला मजकूर फळीवरून काढताना हातातून पडला तरी फुटत नाही, असं मालक सांगायचे. पाडून बघायची छाती मात्र कोणाची झाली नाही.

पुढे शिसं गेलं, कॉम्प्युटर आला. बरोबरीचे जुळारी एकेक करून घरी बसले, काका बसले नाहीत. कीबोर्डवर कुठल्या कळेवर कुठलं अक्षर, याचा कागद समोर चिकटवून त्यांनी पोरासोरांच्या रांगेत धडे गिरवले, आणि तो कागद भिंतीवरून कधी गळून पडला ते त्यांना कळलंही नाही. शेवटी छापखानाही बंद झाला. मालकांनी निरोप देताना काकांचा कॉम्प्युटर काकांनाच देऊन टाकला. तो दुसरं कोणी फुकट घेईना, हेही खरं. पुढच्या खोलीत खिडकीजवळ तो बसला आणि काकूंनी जुन्या पडद्याचा अंगरखा शिवून त्याला घातला.

रिकाम्या काकांनी सापडेल ते टाइप केलं. पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना, जिन्यात सायकली लावू नयेत अशी सूचना, मागील सूचनेकडे लक्ष न दिल्याबद्दल सूचना. जिन्याच्या भिंतीवर जागा उरली नाही तेव्हा शेजाऱ्यांनी हात जोडले. मग एके दुपारी काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एवढी बोटं शिवशिवतायत तर माझं लिहा."

"तुझं काय?"

"माझं म्हणजे माझं. लहानपणचं. मी सांगते, तुम्ही बडवा."

तेव्हापासून दुपारी जेवणं उरकली की हा कारखाना चालू होई. काकूंचे वडील एका मोठ्या गोदामाचे रखवालदार होते आणि गोदामाच्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत काकूंचं बालपण गेलं होतं. पोत्यांच्या थप्प्या, हमाल, उंदीर, उंदरांना भिणारी मांजर आणि घरात सगळ्यांवर नजर ठेवून असलेली एक आत्या. काकू हातातलं काम न थांबवता बोलत आणि काका स्क्रीनवरून नजर न काढता टाइप करत. फक्त एक खोड होती. तोंडातून आलेला शब्द काकांना कागदावर जायच्या लायकीचा वाटत नसे. ते त्याला वाटेतच कपडे घालत.

"काय लिहिलंत, वाचा जरा," काकू म्हणत.

"'माझी वृद्ध आत्या दारापाशी बसत असे.'"

"वृद्ध? माझी आत्या वृद्ध नव्हती. म्हातारी होती."

"एकच ते."

"एकच कसं? वृद्धांना लोक उठून जागा देतात. आमच्या म्हातारीला बघून लोक पळायचे."

काका हसत आणि 'वृद्ध' तसंच ठेवत. लिहायची भाषा वेगळी, हे त्यांनी खिळ्यांबरोबर हातात घेतलेलं होतं. छापूनही त्यांनी काही घेतलं नाही. सगळं पुरं होऊ दे, दोनदा प्रूफ तपासू दे, मग एकदाच छापू. जुळाऱ्याच्या घरात कच्चं प्रूफ पाहुण्याला दाखवत नाहीत.

बांधून मात्र ठेवलं. मुलीने एकदा बजावलं होतं, "बाबा, हे यंत्र म्हातारं झालंय. बॅकअप घेत जा," आणि खिशात मावेल एवढी एक डिस्क आणून दिली होती. बॅकअप म्हणजे काय हे काकांना समजावून सांगावं लागलं नाही. आठवड्यातून एकदा ते काकूंच्या आठवणींचा फोल्डर त्या डिस्कवर उतरवत, वायर काढत आणि डिस्कभोवती बारीक सुतळीचे वेढे देऊन गाठ मारत.

"ती पळून जाणार आहे का?" मुलगी म्हणाली होती.

"सवय आहे," काका म्हणाले.

*

मग एका सकाळी काकूंच्या हातून कप सुटला. त्या कपाकडे बघत राहिल्या, मग काकांकडे, आणि काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं. "ते," त्या म्हणाल्या. "ते. ते." चेहऱ्यावरून दिसत होतं, की आपण पुरं वाक्य बोललो असं त्यांना वाटतंय आणि समोरचा माणूस नेहमीसारखा उलटं ऐकतोय.

दवाखान्यात बरेच दिवस गेले. हात हळूहळू सावरला, पायही सावरला. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "वाचा गेलीय. समजतं सगळं. शब्दही आत आहेत, पण बाहेर येताना वाट चुकतात. कितपत परत येतील हे आज सांगता येणार नाही."

घरी आल्यावर काकूंजवळ दोन शब्द उरले होते, 'ते' आणि 'नाही'. संसारात शेवटचा शब्द कायम ज्या बाईचा, तिच्याजवळ दोनच शब्द. काका चहात साखर जास्त घालत, भाजी करपवत, चादर उलटी अंथरत, आणि कोणी काही बोलत नसे. पूर्वी भांडणात ते नेहमी हरत. आता समोरून कोणी भांडेना, आणि या हरण्यावर त्यांना काही उपाय सापडेना.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी येऊ लागल्या. गल्लीने त्यांचं नाव बोलत्या बाई ठेवलं. त्या चित्रं दाखवत. कप, खुर्ची, छत्री. काकू छत्रीकडे बघून "ते" म्हणत आणि मग मान फिरवत. ज्या बाईने उभं गोदाम शब्दांत उभं केलं होतं तिला छत्री विचारणं हा अपमान होता आणि तो त्यांना पुरेपूर कळत होता.

"काकूंच्याच तोंडचं काही आहे का?" बोलत्या बाईंनी जाताना जिन्यात विचारलं. "गाणं, गोष्ट, काहीही. त्यांनी अनेकदा सांगितलेलं. ते वाचून दाखवायचं आणि मधेच थांबायचं. सरळ विचारलेला शब्द येत नाही, पण ओळखीच्या वाक्याच्या धक्क्याने कधीकधी सुटून येतो. आणि काका, हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे. ते वाया घालवू नका."

काकांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. "आहे ना. सगळं आहे. बांधून ठेवलंय."

त्यांनी लगेच कॉम्प्युटरचा अंगरखा काढला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. दवाखान्याच्या त्या धावपळीत घर बंद असताना कधीतरी वीज कमीजास्त झाली होती आणि जुनं यंत्र आतल्या आत जळून गेलं होतं. वासही उरला नव्हता. मुलगी घाबरली, काका घाबरले नाहीत. त्यांनी खणातून सुतळी गुंडाळलेली डिस्क काढली आणि तळहातावर तोलून पाहिली, पूर्वी चौकट तोलत तशी.

*

बाजूच्या रस्त्याला एका इमारतीच्या जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे दुरुस्तीताई म्हणत. टेबलावर उघडी पडलेली यंत्रं, चहाच्या पेल्यात स्क्रू, आणि भिंतीवर पाटी: 'आधी बॅकअप, मग रडारड.' दुरुस्तीताईंनी सुतळीकडे पाहिलं.

"हे काय, काका? भेट आहे?"

"मजकूर आहे."

त्या गाठ सोडायला गेल्या, सुटेना. काकांनी एका टोकाला बोट लावलं आणि गाठ आपोआप उलगडली. ताईंनी काकांच्या यंत्रात नवी डिस्क बसवली, सगळं नव्याने घातलं आणि दोन दिवसांनी काकांना बोलावून घेतलं. "रिस्टोअर झालं बघा. एकूण एक फाइल परत आलीय. तुमच्यासारखी माणसं भेटत नाहीत हो. लोक माझ्यासमोर डिस्क ठेवतात आणि धाय मोकलून रडतात, आत काहीच नसतं."

काकांनी पहिली फाइल उघडली.

स्क्रीनभर मुंग्या आल्या. इंग्रजी अक्षरं, त्यांच्यात घुसलेले कंस, स्वल्पविराम, टक्क्याची चिन्हं, आणि मधूनमधून रिकामे चौकोन. मराठीचा मागमूस नाही. काकांनी दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच वारूळ.

"बिघडली?" त्यांनी विचारलं.

"फाइल ठणठणीत आहे." ताई पुढे झुकल्या. "अच्छा. जुन्या पद्धतीचं टायपिंग आहे तुमचं. काका, तुमचा फॉन्ट कुठाय?"

"फॉन्ट म्हणजे अक्षराचं वळण ना? कुठलंही चालेल. वळणाचं एवढं काही नाही."

"नुसतं वळण नाही. तुमच्या वेळच्या फाइलमध्ये अक्षर नसायचंच. तुम्ही कुठली कळ दाबली, तेवढंच तिला माहीत. त्या कळेच्या जागी म दाखवायचा की स, हे फॉन्ट सांगायचा. आणि फॉन्ट वेगळ्या जागी राहतो, तुमच्या जुन्या, जळालेल्या डिस्कच्या पोटात. तुम्ही फोल्डर उतरवलात. फॉन्ट उतरवलात का?"

आयुष्यभर काकांनी मजकूर आणि अक्षर या दोन वस्तू आहेत असं कधी पाहिलंच नव्हतं. सुतळीच्या आत जे बांधलं, तीच अक्षरं, तोच मजकूर. हातात घेतलं तर जड लागायचं. अक्षर एका जागी आणि मजकूर दुसऱ्या जागी, असं असू शकतं हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"म्हणजे सुतळी मी दर आठवड्याला बांधली," ते म्हणाले, "आणि खिळे मागेच राहिले."

ताईंना खिळे कळले नाहीत, पण काकांचा आवाज कळला. त्यांनी चहा मागवला.

तो फॉन्ट ज्यांनी विकला होता त्यांनी दुकान कधीच गुंडाळलं होतं. छापखान्याचे मालक वारले होते आणि त्यांचं सामान भंगारात गेलं होतं. ताईंनी तसलेच दुसरे फॉन्ट शोधून लावून पाहिले. मुंग्या गेल्या आणि मराठी अक्षरं आली, पण शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते. 'ढकपे रुणी झसा.' काकांना एकदम काकू आठवल्या, कप फुटला त्या सकाळच्या. तोंड मराठीच बोलत होतं, अर्थ तेवढा लागत नव्हता.

"एक करता येईल," ताई म्हणाल्या. "कुठल्या कळेवर कुठलं अक्षर होतं, तेवढा तक्ता मला लिहून द्या. मी त्यावरून यंत्राकडून सगळं पालटून घेते. तुम्हाला तोंडपाठ असेल."

"असणारच," काका म्हणाले.

*

मधल्या दिवसांत त्यांनी आठवेल तसं सांगून पाहिलं. काकूंच्या पलंगाजवळ स्टूल ओढून ते म्हणाले, "तर गोदामात ती मांजर होती, जी उंदरांना..." काकू ऐकत होत्या. "मग तुझे वडील तिला..."

"नाही," काकू म्हणाल्या.

"आत्या?"

"नाही. नाही." त्यांनी हात झटकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

काकांना कळून चुकलं, की आपल्याला गोष्ट माहीतच नाही. एवढ्या सगळ्या दुपारी समोर बसून त्यांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला होता, पण तो कानातून शिरून बोटांतून बाहेर पडला होता. मधे डोक्यात थांबलाच नव्हता. तो चांगल्या जुळाऱ्याचा गुण असतो. मजकुरात गुंतला की हात चुकतो. छापखान्यात त्यांनी माणसांच्या जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं जुळवलं आणि त्यातलं एक वाक्य घरी आणलं नाही. बायकोचं बालपणही त्यांनी त्याच सफाईने जुळवलं होतं.

दुपारी ते तक्ता लिहायला बसले. परत आलेलं यंत्र खिडकीजवळ, कागद समोर, पेन्सिल हातात. पलंगावर काकू टेकून बसल्या होत्या आणि बघत होत्या.

क. क कुठल्या कळेवर?

काकांना येईना. त्यांनी डोळे मिटून कीबोर्ड आठवायचा प्रयत्न केला. पांढरा धूसर चौकोन दिसला, त्यावर एक अक्षर नाही. म आठवेना. र आठवेना. छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की येतं, आणि आता पेन्सिल कागदावर टेकवून बसलेले, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या पोरासारखे. भिंतीवरून गळून पडलेला तो कागद डोक्यातूनही गळून पडला होता. बोलत्या बाईंनी छत्री दाखवल्यावर आत काय होत असेल, हे काकांना त्या क्षणी नीट समजलं. येत असतं. विचारलं की येत नाही.

त्यांनी पेन्सिल ठेवून दिली. हात कीबोर्डवर नुसते टेकवले, टेकायला दुसरी जागा नव्हती म्हणून. स्क्रीनवर मुंग्या होत्या. पहिल्या मुंगीसारखी खूण कीबोर्डवर शोधली, तिच्यावर बोट ठेवलं आणि उगाच दाबलं.

बोट म्हणालं, म.

काका दचकले. पुढची खूण, पुढची कळ. काना. मग उजव्या हाताची करंगळी लांब गेली आणि ती नेहमी झ साठीच तेवढी लांब जाई, हे काकांच्या खांद्याला कळलं. शेवटी दीर्घ वेलांटी.

"माझी," काका पुटपुटले.

पलंगावरची मान वळली.

त्यांनी कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला आणि स्टूल पलंगाजवळ सरकवलं. आधी एका शब्दाला इतका वेळ लागे, की वाक्याची सुरुवात विसरायला होई. मग बोटं तापली. नजर मुंगीवर, बोट कळेवर, आणि तोंडाने अक्षर. काका वाचत नव्हते, पुन्हा टाइप करत होते आणि बोटं काय म्हणतात ते मोठ्याने सांगत होते. अडत होतं ते फक्त चौकोनांशी. द्ध, ट्ट, क्त असली अवघड जोडाक्षरं जुन्या फॉन्टमध्ये साध्या कळांवर नव्हती, आकडे दाबून काढावी लागत, आणि परत येताना ती सगळी एकाच साच्यातून निघाल्यासारखी रिकामा चौकोन होऊन आली होती. तिथे बोटांकडेही उत्तर नव्हतं.

"'एकदा भर दुपारी मी बाबांची शि...' चौकोन. शिडी? शि..." त्यांनी पुढे पाहिलं. "'वाजवली.' शिट्टी. 'एकदा भर दुपारी मी बाबांची शिट्टी वाजवली. ती शिट्टी काम सुटल्याची असे. हमालांनी होती तिथे पोती टाकली आणि ते घरी गेले. अर्धी गाडी भरलेली, अर्धी रिकामी.'"

काकूंचा श्वास बदलला होता. काकांना ते जाणवलं, पण वर पाहिलं तर बोटं जागा सोडतील, म्हणून त्यांनी पाहिलं नाही.

"'गाडीवान ओरडू लागला. बाबा धावत आले. माझ्या हातात शिट्टी पाहून बाबा क्रु...' चौकोन. क्रु. क्रु काय?" पुढे फक्त 'झाले' होतं. आपणच टाइप केलेलं, पण असला शब्द आपण कशाला घेतला असेल ते काकांना उमगेना. "'बाबा क्रु...'"

ते थांबले. मुद्दाम थांबले नव्हते. बोलत्या बाईंनी थांबायला सांगितलं होतं हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. खरोखरच अडले होते.

"भडकले," काकू म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. ती पार जाईपर्यंत काकांनी मांडीवरचा कीबोर्ड दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे 'भडकले' नव्हतं. त्या चौकोनामागे 'क्रुद्ध' होतं. आता त्यांना आठवलं. काकूंनी तेव्हाही भडकलेच सांगितलं असणार आणि त्यांनी वाटेत त्याला कपडे घातले असणार. इतकं सगळं जळून, हरवून, वाट चुकून परत आलं होतं, आणि काकूंच्या आत मूळ शब्द तसाच होता. न सुधारलेला.

"बरोबर," काका म्हणाले. "बाबा भडकले."

काकूंनी डोळे मिटले आणि मान हलवली. एवढं साधं कळायला यांना इतकी वर्षं लागली, असा त्या मानेचा अर्थ होता, आणि तो सांगायला शब्दांची गरज नव्हती.

*

मुलगी धावत आली, बोलत्या बाई आल्या. दोघींसमोर काकूंनी छत्रीला पुन्हा "ते" म्हटलं. चमत्कार वगैरे काही नव्हता. एखाद्या दुपारी तीन शब्द सुटत, मग आठवडाभर एकही नाही. बोलत्या बाईंनी खोटी आशा लावली नाही. "पूर्वीसारखं होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हे थांबवू नका."

दुरुस्तीताईंना तक्ता मिळाला नाही. काकांनी त्यांना सांगितलं, "मला येत नाही, माझ्या बोटांना येतं. त्यांना कागदावर उतरवता येत नाही."

"मग तुम्ही कीबोर्डवर बसा, मी शेजारी बसून लिहून घेते. अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको," काका म्हणाले. "म्हणजे, करू. नंतर करू. सगळं एकदम सरळ आलं तर मी अडणार नाही."

ताईंनी जास्त विचारलं नाही. त्यांनी डिस्कवरच्या फाइली होत्या तशा आणखी दोन ठिकाणी उतरवून दिली आणि एका ठिकाणी सुतळीही बांधून दिली. गाठ मात्र ढिली होती.

काका रोज दुपारी वाचतात. वाचून झालेलं ते नव्या पद्धतीने, एकेका बोटाने पुन्हा टाइप करतात आणि जिथे काकूंनी शब्द दिला असेल तिथे तोच घालतात. आत्या पुन्हा म्हातारी झाली. अजून कितीतरी 'अतिशय' आणि 'तत्काळ' त्यांनी घुसवलेले तसेच आहेत, कारण त्यांच्या जागी काय होतं ते सांगणारं माणूस एकच आहे आणि ते रोज बोलत नाही.

परवा ते गोष्टीच्या शेवटाला आले. शिट्टीच्या प्रकरणानंतर हमाल लहानग्या काकूंना पाहिलं की विचारायचे, मालकीणबाई, आज कधी सोडताय? काका वाचत आले, "'हमाल मला पाहून हसायचे आणि म्हणायचे...'" आणि थांबले. पुढे चौकोन नव्हता. मजकूर स्वच्छ होता, बोटं जागेवर होती. ते नुसते वाट बघत बसले, मुंगी सापडत नसल्यासारखा चेहरा करून.

काकूंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग त्यांच्या बोटांकडे. एवढ्या वर्षांत या माणसाचं एकही नाटक त्यांच्या डोळ्यांतून सुटलं नव्हतं. त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. शब्द आतून निघाला असावा, कुठेतरी वळला, परत फिरला, पुन्हा निघाला.

"वाचा," काकू म्हणाल्या.

डॉक्टर 'वाचा गेलीय' म्हणाले होते तीच ही वाचा, की पुढे चला, हा हुकूम, हे काकांनी विचारलं नाही. त्यांनी खाली मान घातली आणि वाचू लागले.